वरमाईचं तोंड

"काकू, मूठ घट्ट धरा," त्या मुलीनं सांगितलं आणि माझ्या दंडाला रबरी पट्टी आवळली.

मी मूठ धरली आणि मान दाराकडं वळवली. रक्ताची भीती नव्हती. कुणी ओळखीचं तर आत येत नाही ना, याची होती. साताऱ्यातल्या त्या दवाखान्यात मला ओळखणारं कोण येणार होतं म्हणा. पण चोराच्या मनात चांदणं. शिंप्याकडून ब्लाउज आणते असं घरी सांगून मी कराडहून एसटीनं आले होते, आणि ब्लाउज तर आधीच शिवून कपाटात पडले होते.

माझं रक्त त्या मुलीनं यंत्रात ठेवलं. यंत्र गरगर फिरलं. नळी बाहेर आली तेव्हा रक्त खाली बसलं होतं आणि वर पिवळसर पाणी आलं होतं, ताकावर निवळ येते तसं. ते पाणी सुईनं तोंडभर टोचायचं, की सुकलेली कातडी पुन्हा धरते, असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं होतं. आपलंच रक्त, आपलाच चेहरा, बाहेरचं औषध काही नाही. मला ते फार पटलं होतं. पार्लरमधली रंगरंगोटी मला कधीच जमली नसती. हे म्हणजे आपल्याच घरातलं हरवलेलं आपल्याच घरात शोधायचं.

ही तिसरी खेप होती. खरं तर ती पंधरवड्यापूर्वीच व्हायची, पण डॉक्टरीणबाई परगावी गेल्या आणि लांबली.

"मुलाचं लग्न कधी म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"आहे अजून आठवड्यानं," मी म्हणाले. हळद दुसऱ्या दिवशी होती.

"मग हरकत नाही. नाहीतर मी आज हात लावला नसता. दोन दिवस चेहऱ्याला काही म्हणजे काही लावायचं नाही. साबण नाही, पावडर नाही. कातडीला बारीक भोकं पडलेली असतात, जे लावाल ते आत जातं. आणि हळदीचा कार्यक्रम असेल ना, तर तेव्हा सांभाळा."

"मला कोण हळद लावतंय?" मी हसून म्हणाले.

त्यांनी माझ्या कपाळाकडं पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. मीही मनात म्हटलं, बरंच आहे. विधवेला हळदीपासून लांब ठेवतात याचा जन्मात कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं, तो आता होणार होता.

हे जाऊन तीन वर्षं झाली होती. विक्रांतचं लग्न ठरलं तेव्हा बैठकीतच ठरून गेलं की सुनमुख माझ्या थोरल्या जाऊबाई, अक्का, बघतील. लग्न लागलं की सासू नव्या सुनेला जवळ बसवते, आरसा धरते आणि आरशातून तिचं तोंड बघते, साखर भरवते. नवरा नसलेल्या बाईनं ते करायचं नाही. कुणी माझ्याकडं बघूनसुद्धा विचारलं नाही, आणि मीही चहाचे कप गोळा करायला लागले.

तेवढ्यात केतकी बोलली. केतकी म्हणजे माझी होणारी सून, मुलींच्या कबड्डी संघाची कोच. हनुवटीवर टाक्यांची खूण आणि आवाज मैदानाच्या त्या टोकाला पोचणारा.

"मला सासू एकच आहे," ती म्हणाली. "सुनमुख आईंनीच बघायचं. नाहीतर आरसा आणूच नका."

तिच्या आत्यानं तिला कोपर मारलं.  अक्कांनी पानाचा विडा गालात सरकवला आणि म्हणाल्या, "बघू दे की. माझ्या गुडघ्यांस्नी तरी कुठं मांडी घालवतीया." पण त्यांना लागलं होतं. अक्कांना लागलं की त्या गुडघ्यांवर घालतात.

मला काय वाटलं ते सांगायचं तर, आधी आनंद झाला, आणि घरी येऊन आरशात पाहिल्यावर धडकी भरली. एका आरशात दोन तोंडं शेजारी शेजारी दिसणार. एक पंचविशीचं, आणि एक हे. डोळ्यांखाली काळं, गाल आत ओढलेले, ओठांच्या कडांना दुमडी. त्यानंतर मी साताऱ्याला जायला लागले.

---

हळद हॉलवर होती, दोन्हीकडची एकत्रच. माझं तोंड सकाळपासून तापलेलं आणि ताणलेलं. "शैलावहिनी, लालबुंद दिसताय," असं दोघी-तिघी म्हणाल्या, त्यांना मी ऊन लागल्याचं सांगितलं. मग पार शेवटच्या रांगेत, पंख्याखाली जाऊन बसले.

समोर पाटावर विक्रांत आणि केतकी. बायका हळद लावत होत्या, गाणी म्हणत होत्या, एकमेकींना पुढं ढकलत होत्या. मी लांबून बघत होते आणि खरंच सुखात होते. इतक्यात केतकी पाटावरनं उठली. तिनं दोन्ही तळवे हळदीनं भरले आणि खुर्च्यांमधून वाट काढत सरळ माझ्याकडं आली.

"आई, इथं काय करताय?"

"बघतेय की."

"बघायला पाव्हणे आहेत. तुम्ही घरच्या."

"नको गं केतकी. मला चालत नाही."

"कुणाला चालत नाही? त्यांचं नाव सांगा, मी त्यांना पण लावून येते."

बायका हसल्या. गाणं थांबलं होतं. विक्रांत पाटावरून मान उंचावून आमच्याकडं बघत होता, आणि त्याच्या तोंडावर असं काही होतं की मला नाही म्हणवेना. काय सांगणार होते मी? रिवाज पाळते म्हणाले असते तर त्या पोरीचा सगळ्यांदेखत पचका झाला असता. आणि खरं कारण सांगायचं तर जीभच उचलत नव्हती.

तिनं दोन्ही तळवे माझ्या गालांवर ठेवले.

तीन वर्षांत माझं तोंड असं दोन्ही हातांत कुणी धरलं नव्हतं. एक क्षण मला फक्त तेवढंच कळलं. मग आग झाली. कपाळ, गाल, हनुवटी, जिथं जिथं सुई गेली होती तिथं तिथं. आणि केतकीचा हात काही नाजूक नव्हे. मार लागलेल्या पोरीला मालिश करावं तशी तिनं ती हळद चांगली मुरवली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी खाल्ला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मी हसत होते. सगळ्यांना वाटलं मला गहिवरून आलंय. टाळ्या पडल्या. दोघी-तिघींनी डोळे पुसले. तेही अगदीच खोटं नव्हतं म्हणा.

तोंड धुवायला म्हणून उठले तर फोटोवाल्यानं अडवलं. मग पाव्हण्यांनी. नळाखाली तोंड धरायला मिळालं तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

---

सकाळी डावा डोळा नीट उघडेना. चाचपडत आरसा घेतला. तव्यावरची भाकरी फुगते तसं तोंड फुगलं होतं, आणि त्यावर कपाळापासून गळ्यापर्यंत बारीक पिवळे ठिपके. बाजारातली रंग घातलेली हळद एकेका भोकात जाऊन बसली होती. घासून निघेना. घासलं की आणखी सुजत होतं.

अक्का माझ्याच खोलीत झोपल्या होत्या. त्यांनी मला बघितलं आणि हातातली तपकिरीची डबी खाली ठेवली.

"आगं बया. काय झालं गं हे तुला?"

"हळद बाधली वाटतं," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. झाकून न्यायला तेवढं पुरेल असं वाटलं होतं. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि इथं तर मी ते दुसऱ्याच्याच दारात नेऊन झाकलं होतं.

नाश्ता होईपर्यंत ते सगळ्या हॉलभर झालं. मी तोंडावर ओला पंचा टाकून पलंगावर पडले होते. मला झोप लागली आहे असं समजून दाराशी बायका बोलत होत्या. त्यात केतकीच्या आत्याचा आवाज सगळ्यांत वर.

"बाधणारच की. पांढऱ्या कपाळाला हळद लावत्यात का कुठं? थोरामोठ्यांनी काय उगंच ठरवलंय व्हय? मी तिला बैठकीतच दाबत हुते. ऐकंल तर ती केतकी कसली."

"आता कसं व्हायचं?" दुसरी कुणीतरी म्हणाली.

"कसं व्हायचं ते देवाला ठावं. उंबरा वलांडायच्या आधी सासूला ह्यो परसाद. उद्या घरात काय इपरीत झालं तर नाव कुणाचं निघणाराय?"

पंच्याच्या आत माझे कान तापले. एक वाक्य बोलले असते तर सगळं मिटलं असतं. पण ते वाक्य म्हणजे सुया. चोपन्न वर्षांची विधवा बाई लेकाच्या लग्नात तरणं दिसावं म्हणून तोंडाला सुया टोचून घेते, हे मी स्वतःच्या तोंडानं या बायकांना सांगायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं असं वाटलं. मी पंचा आणखी वर ओढला.

लग्न लागलं तेव्हा मी पदर पुढं घेऊन मांडवाच्या खांबाआड उभी होते. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. विक्रांतनं मला शोधलं आणि लांबूनच हात जोडले. त्याला फक्त आईला ॲलर्जी झालीय एवढंच माहीत होतं.

---

जेवणं झाली आणि सुनमुखाची हाक आली. बायकांनी सतरंजी टाकली, चांदीच्या वाटीत साखर ठेवली. आत्यानं आरसा आणला आणि तो कुणाच्या हातात द्यायचा म्हणून तशीच उभी राहिली.

मी आधीच ठरवून टाकलं होतं. अक्कांच्या जवळ गेले आणि म्हणाले, "अक्का, तुम्हीच बसा. रिवाज आहे तोच बरा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "काल तर हौसेनं लावून घेतलीस."

"काल चुकलं."

"बरं," त्या म्हणाल्या आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसायला लागल्या.

तेवढ्यात केतकी आली. शालूत ती वेगळीच दिसत होती, मुंडावळ्या गालांवर, नाकात नथ. पण वेगळी दिसत होती ती त्यानं नव्हे. मी तिला कधी मान खाली घातलेली पाहिलंच नव्हतं. ती आली आणि सगळ्यांदेखत माझ्या पायांवर वाकली.

"आई, अक्कांनाच बसू दे," ती म्हणाली. तो मैदानभर जाणारा आवाज मला जेमतेम ऐकू आला. "मी उगाच हट्ट केला. माझ्यामुळं तुमच्या तोंडाची ही दशा झाली. मला बघवत नाही."

आणि तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

 ही वाक्यं मी आधी ऐकली होती. शब्दाला शब्द.

हे शेवटच्या महिन्यांत मधल्या खोलीत अंथरुणावर असायचे. रात्रंदिवस मीच करत होते, दुसऱ्या कुणाचा हात त्यांना चालत नव्हता. एकदा सकाळी पेज भरवत होते. चार घास घेतले त्यांनी. मग माझ्याकडं नीट बघितलं, बऱ्याच दिवसांनी बघावं तसं, आणि म्हणाले, "शैला, माझ्यामुळं तुझ्या तोंडाची ही दशा झाली. मला बघवत नाही." आणि कूस वळवून भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर त्यांनी माझ्याकडं सरळ कधी बघितलंच नाही. मी खोलीत गेले की डोळे मिटून घ्यायचे. मी केस विंचरून जायची, पावडर लावून जायची, हसून जायची. काही उपयोग झाला नाही. गेले तेही भिंतीकडं तोंड करूनच. त्यांच्यामागं लोक माझं सांत्वन करायला यायचे, तेव्हा माझ्या मनात एकच असायचं, की माझं तोंड बघवलं नाही म्हणून माझा माणूस मला न बघता गेला. हे मी कुणाला बोलले नव्हते. बोलण्यासारखं होतं का ते?

आणि आता माझी सून माझ्या पायाशी बसून भिंतीकडं बघत होती.

"केतकी, इकडं बघ," मी म्हणाले.

ती बघेना.

"तुझ्या हळदीनं काही झालेलं नाही." मी पदर मागं टाकला. सगळ्यांना नीट दिसेल असा. "मी परवा साताऱ्याला जाऊन तोंडाला सुया टोचून घेतल्यात. माझंच रक्त काढलं आणि त्यातलं पाणी तोंडात भरलं. डॉक्टरनं बजावलं होतं, दोन दिवस काही लावू नका म्हणून. मी त्यांच्याशीही खोटं बोलले. आणि सकाळी हळदीचं नाव मीच घेतलं. हिचा काही दोष नाही."

बायका पुढं सरकल्या. मग आत्याबाई म्हणाल्या, "सुया? तोंडाला? आन् त्या कशापायी?"

"तरणं दिसायला."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसू पदरात दाबलं, तरी दुसरीकडं फुटलं. माझ्या सुजलेल्या तोंडावर आणखी रक्त चढल्याचं मला जाणवलं. भावकीत अजूनही कुणाच्या लग्नाचा विषय निघाला की माझ्या सुया निघतात. हसतील त्यांचे दात दिसतील म्हणून मी सोडून देते. पण त्या घटकेला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

अक्का हसल्या नव्हत्या. अर्धवट बसलेल्या त्या तशाच थांबल्या होत्या.

"शैले," त्यांनी विचारलं, "कुणासाठी गं?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. आणि तेच मला सोसलं नाही.

"ह्यांच्यासाठी," मी म्हणाले, आणि मग मला थांबता येईना. मधल्या खोलीतलं सगळं त्या सतरंजीपाशी उभ्या उभ्या सांगितलं. पेजेचं, भिंतीचं, मिटलेल्या डोळ्यांचं. "काय खुळेपणा म्हणा. माणूस जाऊन तीन वर्षं झाली. पण मला एकदा, त्यांना बघवलं असतं असं तोंड करून बघायचं होतं."

आता कुणी हसत नव्हतं. अक्कांनी पदरानं नाक पुसलं.

"माझ्या दिराला जन्मात कधी धड बोलता आलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आगं, त्याला तुझं तोंड नको न्हवतं. त्याला त्याचीच लाज वाटत हुती."

"असेल अक्का. पण मला बघितलं नाही ते नाहीच ना."

 त्या गुडघ्यांवर हात टेकत पुन्हा उभ्या राहिल्या, आत्याच्या हातातला आरसा काढून घेतला आणि माझ्या हातात दिला.

"बस," त्या म्हणाल्या. "माझं गुडघं दुखत्यात."

मी बसले. केतकी शेजारी येऊन बसली, खांद्याला खांदा लावून. आरशात आधी मांडवाचं छत आलं, मग फोटोवाला आला. मी आरसा असा धरू बघत होते की त्यात फक्त ती यावी. तिनं खालून हात लावला आणि आरसा स्थिर केला. दोघीही आलो त्यात. तिचं काजळ गालावर उतरलेलं, आणि माझं ते तसलं तोंड, एक डोळा मिटलेला, ठिपकेच ठिपके. बायका वाकून बघत होत्या. मला लाज वाटत होती. ती कुठंही गेली नव्हती, पार कानापर्यंत होती.

"बघा की सुनेकडं," आत्या हळूच म्हणाली.

बघायचं मीच असतं. पण मी मान वर केली तेव्हा केतकीनं आरशात माझ्याकडं डोळे लावले होते. मी पाणी टिपलं, नाक ओढलं, साखर चाचपली, तरी तिनं डोळे हलवले नाहीत.